खालची कड

३ फेब्रुवारी

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. ‘सौ.’ लिहिलं तर लग्नपत्रिका वाटली, ‘प्रिय’ लिहिलं तर तू पदर तोंडाला लावून हसशील. एकतीस वर्षांत मी तुला ‘अगं’ सोडून हाक मारलेली नाही, आणि ‘अगं’ म्हटलं की पुढे मागणंच येतं: अगं चष्मा, अगं किल्ल्या, अगं चहा. तेव्हा मायना राहू दे.

तू काम करतेस त्या कारखान्याचा पत्ता लेकीनं दिला. “पत्र कशाला, फोन करा ना बाबा,” म्हणाली. दोनदा केला होता, तू उचलला नाहीस. बरंच केलंस. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला मालक होतो. कागदावर निदान खोडता येतं.

इकडे सगळं उत्तम. मशीन दणक्यात चालू आहे. लेक संगणकावर चित्र काढते, बटण दाबते, आणि कापणारी बिट स्वतःच्या पायांनी चालल्यासारखी प्लायवर फिरते. मिस्त्री अजून मशीनकडे नव्या सुनेकडे बघावं तसा बघतो. कामात वाघ आहे हे त्याला मान्य, पण कौतुक करायला जीभ उचलत नाही.

तुझ्या ताईंचा गुडघा कसा आहे? त्यासाठी म्हणून गेलीस त्याला चौदा महिने झाले. एवढ्यात हत्तीचा गुडघा बरा झाला असता. टोमणा नाही, चौकशी करतोय.

मोठं काम आलंय. एका वृद्धाश्रमाचे साठ ट्रे. पलंगावर बसून मांडीवर घ्यायचे, खाली आखूड पाय, पोटाशी अर्धगोल खाच, म्हणजे ताट, पुस्तक, औषधं जवळ राहतात. त्या खाचेच्या कडेवर दोन्ही हात टेकतात. तू असतीस तर एका ट्रेच्या कडेला अर्धा दिवस घासत बसली असतीस. मशीन नऊ मिनिटांत मोकळी होते. वरची कड गोल, आणि खाचेला मी तिरकी छाट दिलीय, चॅम्फर. फोटोत अशी दिसते की बघत राहावं.

एक विचारायचं होतं. पॉलिशपेपर गुंडाळायचा तुझा तो बुचाचा ठोकळा कुठे ठेवलायस? मिस्त्रीला हवाय. मला नाही.

मी


१९ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं नाही. ठोकळाही सापडला नाही. आणि तो मिस्त्रीला नको होता, मला हवा होता. सुरुवात खऱ्यानं करावी म्हणून आधी हे सांगून टाकतो.

ट्रे परत आले.

‘सगळे नाहीत, किरकोळ तक्रार आहे’ असं एक पत्र मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. ते फाडलं. साठच्या साठ आले. आश्रमाच्या सिस्टरनी मला बोलावून घेतलं आणि एका आजोबांची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लाल रेघा, एका जागी कातडी निघालेली. “यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते हो,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या-माझ्यासारखी नाही.” आजोबा बिचारे मलाच समजावत होते, “नाही नाही, ट्रे चांगला आहे, मीच फार टेकतो.”

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुम्हीच का ते कारागीर?”

“हो, बाई.” माझ्या तोंडून आपोआप शाळेतला आवाज निघाला.

“हात टेका इथे. दोन्ही. आता मी सांगेपर्यंत हलायचं नाही.”

आणि त्या पेपर वाचायला लागल्या. मोठ्यानं. अग्रलेख झाला, हवामान झालं, हरवले-सापडले झालं. मी आपला खाचेवर हात टेकून उभा. पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, “उचला. काय दिसतंय?”

“रेघ उठलीय.”

“एक की दोन?”

“दोन.”

“चौतीस वर्षं शिकवलं मी. एवढ्या सरळ रेघा एका पोराला काढता आल्या नाहीत. तुम्ही पहिलेच.”

सगळा हॉल हसला. मीही हसलो. पण त्या हसत नव्हत्या.

चॅम्फरचं गणित आत्ता कुठे टाळक्यात शिरलं. एक धारदार कड तिरकी छाटली की ती जात नाही, तिच्या दोन होतात. दिसायला देखण्या, हाताला दोन सुऱ्या. तू हे मला एकदा सांगितलं होतंस बहुतेक. मी काय म्हणालो होतो ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण लिहीत नाही.

दुसरी भानगड वरच्या गोलाईची. ट्रेच्या वरच्या कडेला गोलाई संपते तिथे एक बारीक पायरी उमटलीय. नखाच्या जाडीएवढी. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की अडतं. काही ट्रेंना आहे, काहींना नाही, आणि काहींची गोलाई अर्धीच झालीय. कारण अजून सापडलेलं नाही. लेक म्हणते, चित्र बरोबर आहे. मिस्त्री म्हणतो, मशीन बरोबर आहे. सगळे बरोबर आहेत आणि आजोबांचा हात सोललाय.

खालची कड तर मी मारलीच नव्हती. मशीनला वरून दिसतं तेवढंच कळतं. खाली करायचं तर प्रत्येक तुकडा पलटा, नेमका बसवा, पुन्हा बिट फिरवा. दुप्पट वेळ. म्हटलं, खालून कोण बघतंय? कोणी बघत नाही. पण उठताना ट्रे पुढे ढकलतात, तेव्हा तीच कड मांडीवरून जाते.

सिस्टरनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय.

तू नुसता हात फिरवला असतास. मनगटाची आतली बाजू, डोळे मिटून. एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळी प्रस्तावना.

मी


६ मार्च

आज एक चोरी कबूल करायची आहे.

परवा मी तुमच्या कारखान्यात फोन केला. ऑफिसच्या नंबरावर, गिऱ्हाईक म्हणून. “लाकडी खेळण्यांच्या फिनिशिंगबद्दल बोलायचं होतं,” म्हटलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “थांबा हं, बाईंना बोलावते,” आणि तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला.

माझे कान तुला माहीत आहेत. बिट बोथट व्हायला लागली की तिचा आवाज अर्ध्या सुरानं चढतो, तो मला शेडबाहेर फोनवर बोलतानाही कळतो. त्या कानांनी मी तुमचा कारखाना ऐकला. लांब एक मशीन चालू होती. धारदार बिट, योग्य वेग, एकसारखी चाल, कोणीतरी जाणतं माणूस चालवत होतं. जवळ पॉलिशपेपरची खसखस, सात-आठ जणींची. मग मशीन थांबली आणि एक बाई म्हणाली, “बाई, हे बदक बघा ना, चोच टोचतेय.”

आणि तू म्हणालीस, “चोच आहे, टोचणारच. बाळाला द्यायचं असेल तर घास. सासूला द्यायचं असेल तर राहू दे.”

सगळ्या खिदळल्या. तूही हसलीस. ते तोंडावर पदर घेऊन हसणं नव्हे. मोकळं, घशातून, शेवटी धाप लागणारं.

मी रिसीव्हर ठेवून दिला. ते गिऱ्हाईक मी होतो, हे आता कळलं असेल.

ते हसणं मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवत बसलो. आपण भाड्याच्या खोलीत होतो तेव्हाचं. मी दुसऱ्याच्या दुकानात भुसा झाडायचो, संध्याकाळी घरी स्टुलं बनवायचो, आणि तू दारात बसून त्यांच्या कडा घासायचीस. पहिलं स्टूल विकलं तेव्हा गिऱ्हाईक त्यावर बसून म्हणालं, “उठवत नाही हो,” आणि तू हसली होतीस. त्यानंतर शेड आली, माणसं आली, मालक आला. शेडमध्ये तू एकोणीस वर्षं होतीस. पण हसलेलं मला आठवत नाही, आणि माझे कान तर शाबूत आहेत.

मी सगळ्यांना सांगतो, बायको बहिणीच्या गुडघ्यासाठी गेली. पहिल्या पत्रात तुलाही तेच सांगत होतो. काय म्हणावं या माणसाला.

तर, मशीन आली तो दिवस. गिऱ्हाईकं, पाहुणे, बँकेचे साहेब, सगळे जमलेले. मला चार माणसं दिसली की घसा साफ होतो, हे तुला नवं नाही. मी म्हणालो, “भुसा झाडण्यापासून इथपर्यंत. जे काही उभं केलं ते या दोन हातांनी.” आणि हात वर करून दाखवले. टाळ्या पडल्या. तू चहाचा ट्रे घेऊन फिरत होतीस. तुझ्या कोपरापर्यंत भुसा होता, कारण सकाळपर्यंत तू मागच्या ऑर्डरच्या कडा घासत होतीस.

संध्याकाळी कप विसळताना तू विचारलंस, “दोनच?”

मी हसलो. मला वाटलं, विनोद केलास.

दुसऱ्या दिवशी भुसा खेचणारा पंखा बसवायला जागा हवी होती, म्हणून तुझं टेबल उचलून मागे पत्र्याखाली ठेवलं. तुला म्हणालो, “आता मशीन आहे. तू आराम कर.” देवाशपथ सांगतो, मला वाटलं मी तुला काहीतरी देतोय. तीन आठवड्यांनी तू बॅग भरलीस. “ताईचा गुडघा दुखतोय,” म्हणालीस, आणि मी रिक्षात बॅग ठेवून वर म्हणालो, “जाऊन ये, इकडची काळजी करू नकोस.”

तू काळजी केली नाहीस. सांगितलेलं ऐकायची सवय तुला पहिल्यापासून.

परत ये, असं लिहायला बसलो होतो. ते हसणं ऐकल्यावर मला ते लिहिता येत नाही.

मी


१५ मार्च

तुझं कार्ड आलं.

लेकीनं आणून दिलं आणि जाईना, तिथेच उभी. “वाचा की मोठ्यानं.” म्हटलं, खासगी आहे. म्हणाली, “पोस्टकार्ड आहे बाबा, पोस्टमनचं पाठ झालं असेल.”

आठ वाक्यं. मला पाठ आहेत.

‘छापील जाडीवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक शीट चारही कोपऱ्यांत मोजावी. कापायचं माप मशीनच्या खालच्या पाटापासून धरावं, गोलाईचं वरच्या पृष्ठापासून. खालची कड मशीनवर पलटून करू नये, तुकडा केसभर सरकतो. हातात धरून कड गोल करायच्या राउटरनं मारावी. चॅम्फर हवाच असेल तर दोन्ही धारा मोडाव्यात. आमच्याकडे दोन मशीन आहेत, दोन्ही मी चालवते. ताईचा गुडघा बरा आहे.’

ना ‘स.न.वि.वि.’, ना खाली सही. तरी मी ते पाकीट नसलेलं कार्ड खिशात घालून फिरतोय.

पायरीचं कारण सापडलं. अठरा मिलिमीटरची म्हणून आणलेली प्लायची शीट मोजली तर एक सतरा-तीन निघाली, एक अठरा-दोन. मी मशीनला सगळी मापं खालच्या पाटापासून दिली होती. शीट जाड असेल तिथे बिट जास्त खोल घुसली, पायरी पडली. पातळ असेल तिथे गोलाई अर्धीच राहिली. कुठली शीट आहे हे मशीनला काय माहीत. तिला जे सांगितलं ते तिनं केलं.

लेकीला समजावून सांगितलं तर म्हणाली, “आईनं हे मला डिसेंबरातच सांगितलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि आईनं सांगितलं होतं, विचारतील तेव्हाच सांग.”

माझ्याच शेडमध्ये माझ्याविरुद्ध एवढं मोठं कारस्थान चालू होतं आणि एवढ्या तिखट कानांना पत्ता नाही.

पण एक ओळ घशात अडकलीय. ‘दोन्ही मी चालवते.’ फोनमधून ऐकलेलं ते जाणतं माणूस तूच होतीस तर. आपल्या मशीनजवळ तू एकदा येऊन उभी राहिली होतीस, पहिल्याच आठवड्यात. बटणांकडे बोट करून काहीतरी विचारलंस. मी म्हणालो होतो, “तू नको हात लावूस, सेटिंग बिघडेल.”

चॅम्फर रद्द केलाय. सगळ्या खाचा गोल. साठही ट्रे नव्या शीटमधून नव्यानं कापतोय.

मी


२९ मार्च

ट्रे दिले. काल. मुदतीच्या तीन दिवस आधी.

वरची कड मशीननं केली, तू सांगितलंस तशी, एकाही ट्रेला पायरी नाही. खालची मी केली. साठच्या साठ. हाताचा राउटर, मग पॉलिशपेपर. मिस्त्री म्हणाला, “मालक, द्या इकडे, तुमची कंबर जाईल.” मी दिलं नाही. कंबर गेली.

पहिले दहा ट्रे वाया गेल्यासारखेच होते. मी घाईनं घासतो, कडेला लाटा येतात. सोळाव्या-सतराव्याला हात शांत झाला. तिसाव्याला कळलं की वळणावर दाब कमी करायचा असतो, नाहीतर तिथे सपाटी येते. मग पहिले दहा पुन्हा केले. मनगट फिरवून बघत होतो, तुझ्यासारखं डोळे मिटून. डोळे उघडले तर लेक मोबाईलवर फोटो काढत होती. तुला पाठवलाही असेल कार्टीनं.

अगं, एकोणीस वर्षं तू हे केलंस. पाठ दुखते असं कधी म्हणाली नव्हतीस. की म्हणाली होतीस?

आश्रमात मास्तरीणबाईंनी पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी स्वतःच हात टेकले. पेपर काढला, वाचत राहिल्या, मनात. मी उभा. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. शेवटी धीर करून विचारलं, “बाई, कसं आहे?”

“काय कसं आहे?” म्हणाल्या. “अरे हो, ट्रे.”

विसरल्या होत्या! यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात मिळालेलं नाही. मग त्यांनी हात खाली घालून उलटी कड चाचपली, आणि म्हणाल्या, “हे कोणी शिकवलं?”

“बायकोनं.”

“उशिरा शिकलात.”

“हो, बाई.”

आता मुद्द्याचं. मी तुला परत बोलावत नाही. इकडे ये म्हटलं तर तू कशाला येशील? तिकडे तुझ्या हाताखाली आठ बायका आहेत, दोन मशीन आहेत आणि तू हसतेस. पण मला तुला बघायचंय. घर नीट चालतं, जेवण लेक करते, मीही भाजी चिरतो. अडत काहीच नाही. नुसतं बघायचंय. एवढं साधं वाक्य लिहायला मला दोन महिने आणि पाच पत्रं लागली.

गुरुवारी येतोय. बस पावणेपाचला पोचते, तुमची सुट्टी पाचला होते. कारखान्याला दोन गेट आहेत, मी वॉचमनला फोनवर विचारून घेतलंय. मी पुढच्या गेटवर उभा राहीन. तुला भेटायचं नसेल तर मागच्या गेटनं जा. साडेपाचपर्यंत थांबेन आणि परतीची बस धरेन. पुन्हा त्याबद्दल बोलणार नाही, लेकीलाही विचारणार नाही. ताईंच्या घरी येऊन तुला कोंडीत पकडणार नाही.

तुझा


गुरुवार, २ एप्रिल. पुढचं गेट.

हे पत्र टाकायचं नाही. उभ्यानं काय करावं कळत नाही म्हणून बसच्या तिकिटामागे लिहितोय, तिकीट संपलं की वहीत.

पाच वाजून पाच. भोंगा झाला. बायका निघाल्या, डबे, छत्र्या, चपलांचा आवाज. तुझा नाही त्यात.

पाच वाजून बारा. वॉचमन दोनदा बघून गेला. मी शर्ट बदलून आलोय, पण तो मला वसुलीवाला समजतोय बहुतेक.

पाच वाजून वीस. गर्दी संपली. मागच्या गेटची कडी वाजली आत्ता. लांबून. एकदाच. मी वळून बघितलं नाही. ठरलं होतं तसं.

पाच वाजून पंचवीस. आतून एक मुलगी आली, ॲप्रन भुशानं माखलेला. “राउटरवाले काका तुम्हीच का?”

“हो.”

“बाई म्हणतात, गेटवर उभं राहायला तुम्ही काय वॉचमन आहात? आज दोघी रजेवर आहेत आणि उद्या माल जायचाय. दोनशे बदकं घासायची पडलीयेत. सहापर्यंत थांबाल का, विचारलंय.”

“परतीची बस पावणेसहाला आहे,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. तोंडाची सवय.

ती थांबली. “मग काय सांगू बाईंना?”

थांबतो म्हणावं. पुढच्या बसपर्यंत थांबतो, त्याच्या पुढच्याही. हे तिला सांगितलं, आणि ही पेन्सिल कानावर ठेवून मी आत निघालोय.